मशीन पुसून पुन्हा उभं करणारा मिलिंद

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या कॉम्प्युटरशी झटापट करत होतो. हातानं एकेक सेटिंग बदलत बसलो होतो. त्यानं पाहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या. फोन त्याच्या मुलीचा, तेजूचा. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. महिना होऊन गेला, पण अजून काही अडलं की आधी त्यालाच फोन लावावासा वाटतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघांनी सावेडीत कॉम्प्युटर क्लास काढला. तो जामखेडचा, मी नगरचाच, दोस्ती कॉलेजपासूनची. भाड्याच्या दोन खोल्या, जोडाजोड करून उभी केलेली दहा मशीनं, आणि उद्घाटनाला त्याच्या आईनं म्हटलेली बुद्धवंदना. पोरं दिवसभर मशीनं बिघडवायची, मी ती संध्याकाळी दुरुस्त करायचो. मग एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची, सीडी आली आणि मिलिंदची तहानभूकच हरपली. एका दुपारी मला दंडाला धरून मशीनसमोर बसवलं. म्हणाला, "दिल्या, आता मशीनला 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगत बसायचं नाही. शेवटी ते कसं असायला पाहिजे, एवढंच लिहायचं. बाकी ते बघून घेतं." एक साधी फाइल होती. कोणती सॉफ्टवेअरं हवीत, कोणाकोणाची खाती हवीत, घड्याळ कुठल्या वेळेचं. ती फ्लॉपीवर घालून मशीन सुरू केलं की सॉफ्टवेअरं बसवणारा प्रोग्राम, म्हणजे पॅकेज मॅनेजर, कशाला काय लागतं ते स्वतःच पाहून सगळं मांडायचा. कोरं मशीन आपलं आपण उभं राहत होतं आणि आमचा चहा गार होत होता. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

त्याची आई तेव्हा तिथेच होती. तिनं विचारलं, "म्हंजी तू निस्तं सांगायचं, असं असावं म्हून, अन् ते आपलं आपन करतंय व्हय?"

"व्हय आई."

"मग तुज्या खोलीचं बी लिव की त्यात. लई पसारा हाय."

त्या दिवसापासून क्लासचा नियम ठरला. मशीन हातानं दुरुस्त करायचं नाही. काही बदलायचं तर फायलीत लिहायचं, मशीन पुसायचं, म्हणजे डिस्क पार कोरी करायची, आणि पुन्हा उभं करायचं. मिलिंद हे पोरांना इतक्यांदा सांगायचा की पोरं त्याची नक्कल करायची.

मग एका कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा आमच्याकडे घ्यायचं ठरलं, कारण त्यांची लॅब तयार नव्हती. नीट पार पडली तर क्लासचं नाव होणार होतं, फसली तर क्लासला कुलूप. परीक्षेच्या सकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि जवळजवळ सगळ्या मशीनांच्या डिस्कवर गोंधळ झाला. पोरं जिन्यात उभी, बाहेरगावचे परीक्षक खुर्चीत. मी एकेक मशीन बंद-चालू करत सुटलो. मिलिंदनं मात्र पत्ते वाटावेत तशा फ्लॉप्या वाटल्या आणि म्हणाला, "पुसा सगळी." तासाभरात एकेक मशीन जागं होत गेलं, तशा जिन्यातून टाळ्या येत गेल्या. परीक्षा सुरू झाली आणि तेव्हा कळलं, की प्रिंटर मुका आहे. उत्तरं तर छापूनच द्यायची होती. मिलिंद मटकन खाली बसला.

"दिल्या, प्रिंटरचं मी हातानं केलं होतं रे... फायलीत लिहिलंच नाही."

नियम करणारा हाच, मोडणाराही हाच. मी म्हटलं, "मग आताही हातानं कर आणि मोकळा हो. साहेब घड्याळ बघतायत." तर हा पठ्ठ्या सरळ परीक्षकांपुढे जाऊन उभा. "सर, पोरांचं होईपर्यंत प्रिंटरचं मशीन मी पुन्हा पुसतो."

"आणि नाही झालं तर?"

"तर जे व्हायचं ते होईल सर. पण पुढच्या वेळी इथंच अडकायचं नाही."

त्यानं आठवून आठवून प्रिंटरच्या ओळी फायलीत लिहिल्या आणि चांगलं चालतं मशीन माझ्या डोळ्यांदेखत कोरं केलं. मी देवाचं नाव घेत उभा... पोरांची उत्तरं संपत आली आणि प्रिंटर करकरला. तो आवाज आजही आठवला की मला नाचावंसं वाटतं. परीक्षकांनी पहिला कागद हातात घेऊन मिलिंदकडे पाहिलं आणि सही केली.

पुढे क्लास मी चालवला, तो पुण्याला नोकरीत गेला. ती फाइल मात्र त्यानं सोडली नाही. काळ बदलला तशी नवी करत, वाढवत गेला.

गेल्या आठवड्यात तेजू त्याचा लॅपटॉप घेऊन आली. डिस्क गेली होती. मी नवी बसवली आणि त्यानं पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली फाइल दिली. मराठी फाँट, त्याचे आवडते खेळ, अगदी प्रिंटरसुद्धा... एकेक नाव पडद्यावरून सरकत गेलं. आम्ही दोघं बघत राहिलो, चहा पुन्हा गार झाला. शेवटी त्याचं नाव आलं आणि खाली नवा पासवर्ड मागणारी रिकामी चौकट. पासवर्ड तो फायलीत कधीच लिहीत नसे. मशीन उभं राहिलं की तेवढा स्वतः द्यायचा.

तेजू म्हणाली, "काका, तुम्ही टाका ना काहीतरी."

"नको गं. हे एवढं तो स्वतःच्या हातानं करायचा."

तिनं लॅपटॉप बंद केला नाही, मीही नाही. त्याच्या नावाखाली कर्सर लुकलुकत राहिला.