निळ्या टिपाडातलं पाणी

फोन लीलाचा होता. लीला म्हणजे माझी धाकटी भावजय. मी अंगणात कुरडया घालत होते, हात पिठाचे, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाशी धरला. "आक्का, तुम्हना भाऊ गया..." एवढंच बोलली ती. पुढे नुसतं रडणं. कुरडईचा साचा माझ्या हातातच राहिला. सुकलाल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. धानोऱ्याच्या गल्लीतून त्याला कडेवर मिरवलेला मी, आणि बातमी मला फोनवर... आज महिना उलटून गेलाय. लिहायला बसते तर हात थांबतो, पण लिहिलं नाही तर हे माझ्याबरोबरच जाईल. म्हणून लिहिते.

दहावी झाली आणि तो गुजरातेत एका मोठ्या केमिकल कंपनीत लागला. तेव्हा तिथे नुसते कापडाचे रंग व्हायचे. एका शेडमध्ये पिवळा, दुसऱ्यात निळा, आणि आमचा सुकलाल निळ्यात. सुटीवर आला की न्हाणीतून निळं पाणी वाहायचं, उशीचा अभ्रा निळा, नखं निळी. माय म्हणायची, "पोऱ्या धाडा व्हता, किसन उना!" पोरगा धाडला आणि परत आला तो निळा कृष्ण. कंपनी वाढत गेली तशी तिथे कपाशीवरचं औषध निघालं, भिंतीचे रंग निघाले, धुण्याची पावडर निघाली, आणि तो हे सगळं घरातल्या पोरांच्या जन्मासारखं सांगायचा, कोण आधी, कोण मागून. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या गळ्यातल्या गोंड्यांकडे बोट करून म्हणायचा, "हाई आम्हनं शे, आक्का. निळं दिसनं का, आम्हनं." मी म्हणायचे, "घोडाबी तुन्ही कंपनीच बनाडस का रे?" मग असा हसायचा, असा हसायचा... कंपनीचा फार अभिमान त्याला.

माझं सासर रनाळे. उन्हाळ्यात टँकर यायचा आठ दिवसांनी, आणि पाणी साठवायचं कशात? सुकलालने कंपनीच्या भंगारातून एक निळं प्लॅस्टिकचं टिपाड आणून दिलं, कमरेच्या वर येईल एवढं, झाकणाचं. राखेनं घासलं, सोड्यानं धुतलं, चिंच चोळली, आठ दिवस उन्हात उघडं ठेवलं. वास गेला म्हणजे विष गेलं, हा आमचा हिशेब. आणि रंगाच्या टिपाडात काय विष असणार, असं तोही म्हणायचा. मग काय, गावात ज्याला त्याला टिपाड हवं. पुढे पुढे तर पोरींच्या लग्नात हंडा-कळशीबरोबर एक टिपाड आंदण द्यायची रीतच पडली. 'सुकलालमामाचं टिपाड' म्हणायचे लोक.

मग त्याची बदली औषधाच्या प्लांटला झाली. तिथे त्यानं पाहिलं, तीच निळी टिपाडं, आणि त्यांत कपाशीवरचं औषध भरतायत. साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, हे प्लॅस्टिक औषध पिऊन घेतं, कितीही धुवा, निघत नाही. दुसऱ्या दिवशी सुटी टाकून आला. कोयता घेऊन धानोरं फिरला, रनाळं फिरला, दारोदार, "तुम्हनं टिपाड फोडू द्या." काहींनी फोडू दिलं. बाकीच्यांनी हाकललं. पारावरचा एक म्हातारा ओरडला, "मामा व्हता, कंस व्हयना!" सगळे हसले. सुकलाल हसला नाही.

शेवटी माझ्या दारी आला. "आक्का, मीच आनेल शे, मले फोडू दे." त्या दिवशीच टँकर आलेला, टिपाड काठोकाठ भरलेलं, आणि सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मंग पानी काय तुन्ही कंपनी भरी देई का?" तो कोयता दाराशी टेकवून बसला. मी तांब्या पुढे केला, तर त्यानं मान हलवली. त्यानंतर आला की पिशवीत स्वतःची बाटली. आमच्याकडे भाऊ बहिणीच्या घरचं पाणी पीत नाही म्हणजे नातं तुटलं, दुसरा अर्थ नाही त्याला. मीही हट्टाची. सात वर्षं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले नाही. बाकीच्या बहिणी झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि मी इथे टिपाड भरायचे...

यंदा त्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. नंदुरबारच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर एवढासा झालेला. डॉक्टरांनी पाणीही घोट-घोटच सांगितलेलं. मी सवयीनं घरून तांब्या भरून नेलेला. त्याची नजर तांब्यावर. "फोडं का, आक्का?" सात वर्षांत टिपाडाचा विषय काढला नव्हता त्यानं, आणि आता पहिला प्रश्न हाच, फोडलंस का. काय सांगू त्याला? त्याचा जीव शांत व्हावा म्हणून बोलून गेले, "हा रे भाऊ, फोडं." त्याचा चेहरा असा उजळला... "मंग दे." मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, माझ्या हातानं दोन घोट पाजले. "गोड शे," म्हणाला.

ते पाणी मी त्याच टिपाडातून सकाळी काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. दोन घोटांनी काही झालं नाही हे मलाही कळतं, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं असतं. पण ज्यानं सात वर्षं माझ्या घरचं पाणी सोडलं, तो माझ्या शब्दावर प्यायला. लीला, तुला हे मी तोंडानं सांगू शकले नाही, इथे वाच.

दहाव्याहून परत आले आणि कोयता घेतला. प्लॅस्टिक फुटत नाही हो सहजी, तडे जातात नुसते. मुलगा म्हणाला, "माय, सर, मी करतो," मी सरले नाही. अंगणभर पाणी झालं.

परवा आखाजी झाली. वर्षात जो गेला त्याच्या नावानं त्या दिवशी घागर भरतात आमच्याकडे, पितरांना पाणी म्हणून. मी धानोऱ्याला गेले. लीलानं नवी मातीची घागर माझ्यापुढे ठेवली, "तुम्हीच भरा, आक्का." गावाबाहेरच्या हापशावर गेले. सोबतची बाई हापसत होती, मी घागर धारेखाली धरली आणि पुन्हा बाजूला घेतली. पितरांचं पाणी उष्टं करत नाहीत, एवढं मला कळतं. तरी या खेपेला नुसत्या माझ्या शब्दावर त्याला पाजायचं नव्हतं. ओंजळ धरली, आधी मी प्यायले, पोटभर, आणि मग त्याची घागर भरली.