जांभळी ताई आणि रक्तातली माळ

जांभळ्या ताईच्या बोटांचा रंग कधी गेलाच नाही. साबण झाला, लिंबू झालं, स्पिरिटचा बोळा झाला, तरी नखांच्या कडेला एक जांभळी रेघ राहायचीच. रुग्णालयाच्या तळमजल्यावर जंतूंची प्रयोगशाळा होती. तिथे ती एकोणिसाव्या वर्षी काचसामान धुवायला लागली आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ झाली. हजेरीपटावर तिचं खरं नाव होतं, पण शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे तिला जांभळी ताईच म्हणायचे. कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तिला दोन क्षण कळायचंच नाही.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास वाकून बसायचे. बहुधा तिथूनच तिला बारीक कामाची सवय लागली असावी. पण पहिले दोन महिने तिच्या वाट्याला आलं ते काम काही बारीक नव्हतं. काचेच्या गोल ताटल्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, खरवडायच्या, पुसायच्या. त्यांच्यात जंतू वाढवायला ओतलेल्या, रक्त मिसळलेल्या खळीचा थर असायचा आणि त्यावर ठिपके. कुठे पांढरे, कुठे सोनेरी, कुठे दवासारखे बारीक. उकळून काढलेल्या ताटल्यांत सगळ्याचा एकच चिखल झालेला असायचा, पण उकळायला घालण्याआधी ती ते ठिपके बघत उभी राहायची. एकदा तिने धीर करून विभागप्रमुखांना विचारलं, की हा बुरसा असतो का.

विभागप्रमुखांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, तिला हात धुवायला लावले आणि शेजारच्या स्टुलावर बसवलं. सोनेरी ठिपक्यातला कणभर भाग तारेच्या टोकाने उचलून काचपट्टीवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून तीनदा फिरवला. मग जांभळा रंग ओतला, मिनिटभराने आयोडीन, मग स्पिरिटची धार. रंग वाहून गेला. शेवटी लाल रंग. ज्यांची भिंत जाड, ते पहिला जांभळा रंग सोडत नाहीत, आणि ज्यांची पातळ, ते सोडतात आणि नंतरचा लाल धरतात, एवढंच ते म्हणाले आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो तिच्याकडे सरकवला.

आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम उजेड आला, आणि त्या उजेडात जांभळे मणी. एकसारखे गोल, एकमेकांना बिलगून बसलेले, द्राक्षांचे घोसच्या घोस.

"हे काल पुरुषांच्या वॉर्डातल्या एकाच्या गळवातून आलेत," मोठे डॉक्टर म्हणाले. "नाव स्टॅफिलोकॉकस. आपल्यातल्या कित्येकांच्या नाकात मजेत राहतात. जखम सापडली की आत शिरतात. कधी हाडातसुद्धा."

त्यांनी दुसरी काचपट्टी ठेवली. तिच्यावर तेच जांभळे मणी, पण एकामागे एक ओवलेले, माळाच माळा. हे स्ट्रेप्टोकॉकस, कुणाच्या तरी सुजलेल्या घशातले. तिसरीवर जोड्या होत्या. दोन-दोन मणी, टोकाकडे जरा निमुळते, आणि प्रत्येक जोडीभोवती स्वच्छ मोकळं वलय, जणू कुणी त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. ते न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या थुंकीतले होते.

केवढे असतील हे, असं तिने विचारलं. सुईच्या टोकावर हजारो सहज मावतील, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी घरी जाताना ती रस्त्यावरच्या माणसांच्या नाकांकडे बघत चालत होती. एवढीशी चीज, हात नाही, पाय नाही, डोळा नाही, आणि धडधाकट माणसाला आडवं करते. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. लहानपणी वडिलांनी पहिल्यांदा घड्याळाचं झाकण उघडून दाखवलं होतं, तेव्हा वाटलं होतं तसं काहीतरी.

त्याच वर्षी तिची धाकटी बहीण आठ वर्षांची होती. ताईपेक्षा अकरा वर्षांनी लहान, घरादाराची लाडकी आणि दिवसभर गुणगुणणारी. तिचा घसा धरला. आईने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, चार दिवसांत घसा बरा झाला आणि सगळे ती गोष्ट विसरले. तीन आठवड्यांनी तिचे गुडघे सुजले. गुडघे उतरले तर कोपरं सुजली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. हृदयातून एक जादा आवाज येत होता. झडपेला इजा झाली होती.

ताईने मोठ्या डॉक्टरांना विचारलं, की घशाचा आणि हृदयाचा संबंध काय. त्यांनी तिला माळेवाल्यांची आठवण करून दिली. शरीर त्यांच्याविरुद्ध हत्यारं तयार करतं, ते म्हणाले, पण त्या जंतूच्या अंगाचा काही भाग आणि आपल्या हृदयाचा काही भाग इतका सारखा असतो, की तीच हत्यारं हृदयावरही चालतात. जंतू केव्हाच निघून गेलेले असतात.

महिनाभरापूर्वी तिने स्वतः ती माळ पाहिली होती. तसलीच माळ घरात, पलीकडच्या खाटेवर, बहिणीच्या घशात होती आणि तिला पत्ताही नव्हता. तेव्हा पेनिसिलीन मिळालं असतं तर. हा 'तर' तिच्या मनात पुढे कित्येक वर्षं राहिला. पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट राहिली, जी तिने कुणाला सांगितली नाही. घशातला एक कण आणि हृदयाची झडप एकमेकांसारखी असू शकतात, या विचाराने ती थक्क झाली होती. बहिणीच्या दुखण्याचं आपल्याला नवल वाटतं, याची तिला लाज वाटायची.

तिने रात्रशाळेतून शिक्षण पुरं केलं, तंत्रज्ञाची परीक्षा दिली आणि रंगाच्या बाटल्या तिच्या ताब्यात आल्या. घसा पुन्हा धरू नये म्हणून धाकटीला दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं आणि ते घ्यायला ताईच तिला हाताला धरून घेऊन जायची. धाकटी मोठी झाली, शाळेत गाण्याची बाई झाली, इंजेक्शनं थांबली. जादा आवाज होता तिथेच राहिला, पण कुरकुर न करणाऱ्या पाहुण्यासारखा.

धाकटी एक्केचाळीस वर्षांची असताना तिने किडलेली दाढ काढून घेतली. दाताच्या डॉक्टरांना हृदयाचं सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या लेखी ते दुखणं लहानपणीच संपलं होतं. दीड-दोन महिन्यांनी तिला बारीक ताप येऊ लागला. गोळ्या घेतल्या की उतरायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा हजर. अंगातली ताकद गेली, कपडे ढिले झाले. शाळेत मुलांना एक कडवं शिकवताना दोनदा थांबावं लागायचं. एकाने टायफॉइड म्हटलं, दुसऱ्याने दगदग. शेवटची गोळी घेऊनही दहा दिवस होऊन गेले होते, तेव्हा एका रविवारी ताई तिच्याकडे गेली.

धाकटी खिडकीत बसून मटार सोलत होती. ताई समोर बसून शेंगा पुढे करत होती. बोलता बोलता ताईची नजर तिच्या नखांवर गेली. दोन नखांखाली बारीक, उभ्या, तपकिरी-लाल रेघा होत्या, काटा रुतून आत मोडावा तशा. काटाबिटा टोचला का, असं ताईने विचारलं. धाकटीने नख उजेडात धरून पाहिलं आणि नाही म्हणाली.

ताईने मटाराचं भांडं बाजूला ठेवलं. फार वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी एक रिपोर्ट सही करताना म्हटलं होतं, की जुनी झडप, न हटणारा ताप आणि नखाखाली काटे, या तीन गोष्टी एका माणसात दिसल्या तर आधी रक्त घ्यायचं, औषध नंतर.

सोमवारी सकाळी ती धाकटीला घेऊन वॉर्डच्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. ते तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी नवीन गोळ्या लिहायला घेतल्या.

"गोळ्या द्या, पण आधी रक्त घ्या," ताई म्हणाली. "तीन वेळा, वेगवेगळ्या शिरांतून. मग तुम्ही म्हणाल ते."

तंत्रज्ञाने डॉक्टरला असं सांगायचा रिवाज नव्हता. पण त्यांनी ताईच्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं, मग नळी लावून धाकटीची छाती ऐकली आणि लिहिलेला कागद फाडला. धाकटीला दाखल करून घेतलं. दिवसभरात तीनदा रक्त घेतलं गेलं. जंतूंना पोसणाऱ्या पिवळसर रश्शाने भरलेल्या बाटल्यांत ते सोडून बाटल्या उबदार कपाटात गेल्या.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. ताई सकाळी येऊन बाटल्या उजेडात तिरक्या धरायची आणि परत ठेवायची. हयातभर तिने लोकांच्या बाटल्या पाहिल्या होत्या. आता तिला कळेना, की काही उगवावं असं आपल्याला वाटतंय की उगवू नये असं. उगवलं तर बहिणीच्या हृदयात जंतू आहेत. नाही उगवलं तर कुणालाच काही कळणार नाही आणि ताप तिला खात राहील.

तिसऱ्या दिवशी पहिल्या बाटलीत तळाशी धुरकटपणा दिसला. तिने थेंब काढला, काचपट्टीवर पसरला, रंग ओतला. मिनिटभर थांबताना तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. मिनिट किती असतं हे तिच्या हाताला ठाऊक होतं. मग ती खाली वाकली.

लालसर पेशींच्या पसाऱ्यात जांभळी माळ होती. अकरा मण्यांची, जराशी वळलेली.

ती उठली. तिचा विश्वास तिच्या डोळ्यांवर होता, पण मनावर नव्हता. आपल्याला हवं तेच आपण बघतोय का, अशी शंका आली. शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा, जाड चष्म्याचा, शंकेखोर, ज्याच्याशी तिचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं. तिने तिन्ही बाटल्यांवरच्या नावांवर चिकटपट्टी लावली, मध्ये दुसऱ्या दोन रुग्णांच्या बाटल्या मिसळल्या आणि पाचही त्याच्यापुढे ठेवल्या. कुणाच्या आहेत ते सांगितलं नाही. तो दोन दिवस त्यांच्यामागे होता. रक्ताच्या ताटल्यांवर लावलं, ठिपक्यांवर पेरॉक्साइडचा थेंब टाकून पाहिला. फेस आला असता तर ते द्राक्षघोसवाले ठरले असते, पण फेस आला नाही. ठिपक्यांभोवती हिरवट छटा आली होती. अशी छटा न्यूमोनियावालेही देतात, म्हणून त्याने औषधाची छोटी चकती ठेवली. न्यूमोनियावाले त्या चकतीपासून दूर राहतात. हे तिला खेटून वाढले.

"तीन बाटल्या एकाच माणसाच्या आहेत," तो म्हणाला. "तिन्हींत तोंडातला साधा स्ट्रेप्टोकॉकस. एका बाटलीत असता तर चुकून आला म्हटलं असतं. कोण आहे हा?"

ताईने चिकटपट्ट्या काढल्या. त्याने नाव वाचलं, चष्मा पुसला आणि त्यानंतर तो तिच्याशी कधी भांडला नाही असं नाही, पण त्या दिवशी रिपोर्ट घेऊन वॉर्डात तो स्वतः धावत गेला.

हृदयाची सोनोग्राफी झाली. पडद्यावर झडप उघडत-मिटत होती आणि तिच्या कडेला कोंबासारखं काहीतरी लवलवत होतं. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात गेले होते. निरोगी हृदयातून ते वाहून जातात. धाकटीच्या खरबरीत झडपेवर त्यांना धरायला जागा मिळाली. तेहतीस वर्षांपूर्वी एका माळेने जी जागा खराब केली होती, तिथेच दुसऱ्या जातीच्या माळेने बिऱ्हाड थाटलं होतं. ताई पडद्यासमोर उभी राहून बघत होती. तिथे तिची बहीण होती, आणि तिथेच ते होते, आणि दोघंही जगायचं तेवढंच करत होते.

चार आठवडे शिरेतून पेनिसिलीन चाललं. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. धाकटीच्या हातांवर सुया टोचायला जागा उरली नाही. तिने एकदा ताईला विचारलं, की तू इतकी वर्षं या जंतूंच्यात राहिलीस, तुला त्यांचा राग नाही का येत. येतो, असं ताई म्हणाली, पण तेवढं पुरेसं नव्हतं हे दोघींनाही कळलं.

घरी जायच्या दिवशी धाकटी तळमजल्यावर आली. मला ते बघायचेत, म्हणाली. ताईने ती काचपट्टी राखून ठेवली होती. तिने धाकटीला स्टुलावर बसवलं, भिंग जुळवून दिलं, आणि आधी स्वतःच्याच पापण्या दिसतील, घाबरू नकोस, असं सांगितलं.

धाकटी बराच वेळ वाकून होती. चष्मेवाल्यानेही काम थांबवलं होतं.

"हे माझ्या हृदयात होते?"

"होते."

"किती नीट ओवलेत गं," धाकटी म्हणाली. तिने डोळा काढला नाही. "आता कुठे गेले?"

"झडपेवरचे मेले. पण तोंडात आहेत. तुझ्या, माझ्या, याच्याही. जन्मल्यापासून. तिथे ते काही करत नाहीत. उलट वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत."

धाकटीने नकळत ओठ मिटून घेतले. मग तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हसताना तोंड उघडावंच लागलं.

झडप गळकी राहिली. दोन वर्षांनी ती काढून यांत्रिक झडप बसवावी लागली आणि तेव्हापासून शांत खोलीत धाकटीच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते. शाळेतली मुलं तिच्याजवळ बसली की कान देऊन ती मोजतात. ती अजून शिकवते. लांब तान घेत नाही, मध्येच श्वास घेते आणि मुलांनाही तिथेच श्वास घ्यायला शिकवते, त्यामुळे त्या शाळेची गाणी इतर शाळांपेक्षा जरा वेगळी वाटतात.