काळ्या रानातलं मडगार्ड
ओल्या काळ्या मातीचा वास आला की ती सकाळ आठवते. बहिणीची सोनईत मुलाखत होती. तिला बसायला मी सायकलीला कॅरिअर बसवलं आणि तिच्या पांढऱ्या ड्रेसवर चिखल उडू नये म्हणून टायरला अगदी चिकटून मडगार्ड. "नको लावू, आपली माती लई चिकट हाय," आई म्हणालेली. बहिणीला मागे बसवून फाट्यावर एसटी पकडायला निघालो, तर निम्म्या वाटेत पुढचं चाक चिखलानं जाम! काटकीनं उकरतोय, तोवर लांबून एसटी येताना दिसली. "पाना कुठंय?" बहिणीनं विचारलं. पाना घरी होता. तिनं फाईल माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी मडगार्ड हिसकून उपटलं आणि एकटीच सायकल दामटत फाट्याकडे सुटली. ती एसटीत चढली, एसटी हलली, तेव्हा माझं हातातल्या फाईलकडे लक्ष गेलं. तिची सगळी सर्टिफिकेटं माझ्याकडेच होती. आता ती हा किस्सा हसत सांगते. मी तेवढ्यापुरता उठून बाहेर जातो.