राजपुत्र घरी पोहोचेपर्यंत

चार माणसे वर्षानुवर्षे एकत्र बसली, की वाचलेली पुस्तके विसरली जातात आणि किस्से तेवढे साठत राहतात. नव्वदच्या दशकात कुलकर्णी आणि मी महिन्यातील एका रविवारी देवासहून निघून, इंदूरला बस बदलून, धारला वसंतरावांकडे जात असू. वसंतराव एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. नवे प्रकरण ते आम्हांस वाचून दाखवीत. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनानेच अधिक झाले. कथेतील प्रत्येक गोष्टीचे कारण कथेतच सापडले पाहिजे, असा माझा आग्रह असे. कुलकर्णी तर कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. सदोष माल त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे.

*

राजपुत्राजवळ उडता पलंग होता. तरीही दुसऱ्या प्रकरणात तो अरण्यातून पायी निघाला.

"भिया, आपण बस बदलून येतो ते पलंग नाही म्हणून," कुलकर्णी इंदुरी थाटात म्हणाले. "याला काय झालं?"

पुढच्या महिन्यात खुलासा आला : पलंग पावसात उडत नाही.

"पण अरण्यात तर तुम्ही पळस फुलवले होते!" मी म्हणालो. "फाल्गुनात कसला पाऊस?"

*

मग पलंगाचे लाकूड, त्याचा सुतार, सुताराला मिळालेला शाप, हे सर्व कथेत आले. वसंतरावांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत.

"राजपुत्र घरी कधी पोचणार?" त्यांनी विचारले.

"पलंग दुरुस्तीला आहे," वसंतराव म्हणाले.

"मग चालत येऊ द्या की. वाट पाहणाऱ्याला काय, कसाही येवो."

*

आम्ही पोहोचलो, की दार वहिनीच उघडीत आणि उंबऱ्यातच विचारीत, "दमलात. चहा टाकू? साखर?"

कुलकर्ण्यांना मधुमेह. त्यांचे उत्तर ठरलेले, "माझ्यात साखर नको."

"ठाऊक आहे हो. पण विचारलं नाही, तर त्यातही दोष काढाल."

*

कथेतील राजवाड्यात एक म्हातारी होती. येईल त्याला दार तीच उघडीत असे. "एवढे पहारेकरी असताना म्हातारीच का उठते?" कुलकर्ण्यांनी हरकत घेतली. मीही दुजोरा दिला. वसंतरावांना कारण सुचेना. पुढल्या प्रकरणात त्यांनी म्हातारीला तापाने मारले आणि तिचे यथाविधी दहनही केले.

"खुलासा सुचला नाही म्हणून माणूस मारता होय?" वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी चहा अंमळ उशिराच आला.

*

वहिनींनी अंथरूण धरले, तेव्हा राजपुत्र नदीशी अडकला होता. शापित लाकूड पाण्यावरून जात नाही, असे आधीच लिहून झालेले.

"मी आहे तोवर त्याला घरी आणा," त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी घाई केली. पण जुने खुलासे आता एकमेकांच्या आड येऊ लागले होते. ते जुळविण्यात उन्हाळा सरला. वहिनी गेल्या. राजपुत्र नदीच्या अलीकडेच होता.

आमच्या शंका रास्तच होत्या. त्या आम्ही विचारल्या नसत्या, तर बरे झाले असते.

*

दिवाळीनंतर आम्ही धारला गेलो. दार वसंतरावांनी उघडले. त्यांनी शेवटचे प्रकरण वाचावयास घेतले. पहिल्याच वाक्यात राजपुत्र राजवाड्याच्या दारात उभा होता. नदी कशी ओलांडली, पलंगाचे काय झाले, याविषयी एक अक्षर नव्हते.

दार म्हातारीने उघडले. जिचे दहन झाले होते, त्याच म्हातारीने.

"'दमलास,' ती म्हणाली. 'चहा टाकू? साखर?'"

एवढे वाचून वसंतराव थांबले. मी कुलकर्ण्यांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढला होता आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

"माझ्यात साखर नको," कुलकर्णी म्हणाले.