अकोला ते अमरावती, मंजुरीसाठी सादर

माझी बहीण एका सोमवारी दुपारी अकोल्यात वारली. तिच्याबरोबर घरातल्या संगणकाचा पासवर्ड गेला. तेरवी झाल्यावरही बरेच दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, यांच्याइतका परवानगीवर प्रेम करणारा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. लोक देवावर श्रद्धा ठेवतात, भाऊजी सक्षम प्राधिकाऱ्यावर ठेवत. तेल्हाऱ्याच्या तहसील कचेरीत ते अव्वल कारकून होते. कपाशीच्या शेतीचे ते वाईट दिवस चालू होते आणि गावोगावचं दुःख बघायला बाहेरचे पाहुणे हेलिकॉप्टरने वरचेवर येत. दुःख जमिनीवर असलं तरी ते बघायला वरून यावं लागे. हेलिपॅडची जबाबदारी भाऊजींकडे होती. फक्कीने इंग्रजी एच आखायचा, धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं, आणि या सगळ्याला लागणारी सतरा पत्रं गोळा करायची. पाहुणे उतरत, अर्धा तास हळहळत, चहा घेत आणि परत वर जात. "वरून पऱ्हाटी हिरवीच दिसत असन," भाऊजी म्हणत, "त्याहीले तरी काय दोष द्यावा." एकदा एका सज्जन पायलटने त्यांना आत बसून बघायला सांगितलं. भाऊजींनी नम्रपणे नकार दिला, कारण तसा लेखी आदेश नव्हता.

निवृत्त झाल्यावर ते अकोल्यात जठारपेठेत राहायला आले, संगणक घेतला आणि त्यावर विमान उडवायचा फ्लाइट सिम्युलेटर बसवून घेतला. याला कुणी खेळ म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यांचं ध्येय एकच होतं, ताईला अकोल्याहून अमरावतीला, तिच्या माहेरी, विमानाने न्यायचं. पॅरिस, न्यूयॉर्क एका बटणावर होतं, पण तिथे आमचे कुणी नातेवाईक नव्हते. शिवाय त्या परदेशी सिम्युलेटरच्या नकाशात वऱ्हाड म्हणजे नुसता पिवळट कागद होता. भाऊजींनी त्यावर एकेक वस्तू मांडायला घेतली. अकोल्याची धावपट्टी, मोर्णा नदी, किल्ला, आणि त्यांचं स्वतःचं घर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसकट.

अडचण अशी की नकाशात काही बदल केला, किंवा उड्डाण जतन करायला घेतलं, की संगणक म्हणे, तुम्हाला परवानगी नाही. दुसरा कुणी असता तर चिडला असता. भाऊजींना घरच्यासारखं वाटलं. संगणक नवा आला तेव्हा मुख्य अधिकाराचं खातं त्यांनीच ताईच्या नावाने उघडायला लावलं होतं आणि स्वतःसाठी साधं खातं घेतलं होतं. "अर्ज करणारा अन् मंजूर करणारा एकच माणूस? मास्तर, याच्यातूनच घोटाळे होतेत." मास्तर म्हणजे मी. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मास्तर नाही, पण ही दुरुस्ती त्यांनी वीस वर्षांत मंजूर केली नाही.

पासवर्ड फक्त ताईला माहीत. त्यामुळे दर उड्डाणाला स्वयंपाकघराकडे हाक जाई.

"अवं, मंजुरी पायजे."

"कुठी चालले?"

"अमरावतीले."

"काल तं गेलते."

"काल भातकुलीतच उतरलो. वावरात."

"मंग आजही तिथंच उतरसान. मी कणीक मळून राहिली. हवेतच थांबा थोडे."

आणि भाऊजी खरंच थांबत. ती हात धुऊन येई, त्यांना मान भिंतीकडे फिरवायला लावी, पासवर्ड टाके आणि जाता जाता एखादा शेरा मारून जाई. एका संक्रांतीला ती हळदीकुंकवाला गेली असताना भाऊजींनी त्या घरी फोन केला, "आमचं विमान मूर्तिजापूरवर लटकून राहिलं, तिले पाठवा." बायका अजूनही हसतात. ताई मात्र आली, तिळाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला आणि विमान सोडवलं.

यावरचा उपाय मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितला होता. ते फोल्डर तुमच्या नावावर करून घ्या, मग कुणाला विचारायला नको. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टेबलाखालून पाकीट पुढे केलं आहे.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी संगणक लावला. नकाशात अमरावतीची धावपट्टी तेवढी राहिली होती. ती त्यांनी मांडली, जतन करायला गेले आणि समोर पासवर्डाची चौकट आली. त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. मग मला फोन केला.

मी गेलो. जठारपेठेतले सलीमभाईही आले. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत, आता संगणक करतात, आणि दोन्हींना वरून एक थाप मारून सुरुवात करतात. "साहेब, मामुली काम हाय," ते म्हणाले. "पासवर्ड उडवतो, फोल्डरचा मालक बदलतो, तुमचं नाव टाकतो. पाच मिनिटं."

"म्हंजे फेरफार," भाऊजी म्हणाले.

ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याच्या सातबाऱ्यावर मेलेल्यांच्या जागी वारसांची नावं चढवली, पुढच्या माणसाच्या डोळ्यात पाणी असताना 'इथं सही करा' म्हटलं, तो आता खुर्चीत हात बांधून बसला. "तिचं नाव मी कमी करनार नाई. अन् पासवर्ड उडवायचा नाई."

"तं मंग हे असंच राहीन, साहेब. नकाशा पुरा होत नाई, विमान उतरत नाई."

सलीमभाई स्क्रू ड्रायव्हर पुसत बसले.

"नक्कल भेटते का?" भाऊजींनी विचारलं.

"जी?"

"मूळ कागद दप्तरातून हालत नाई. काम नकलेवर करतेत. आमच्या कचेरीत तसंच होतं."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. "वाचायले मनाई नाई, तं नक्कल भेटते," ते म्हणाले. सबंध फोल्डर त्यांनी डी ड्राइव्हवर उतरवून घेतलं. तिथे ती संगणकाची पहारेदारी नव्हती. थोडी खटपट करून विमान तिथून चालू झालं. मूळ फोल्डर सी ड्राइव्हवर जिथे होतं तिथे, जिच्या नावावर होतं तिच्या नावावर राहिलं.

त्याच दुपारी नकलेत अमरावतीची धावपट्टी मांडून भाऊजी अकोल्याहून निघाले. मी शेजारच्या खुर्चीत बसलो. मूर्तिजापूर मागे पडलं, भातकुली मागे पडली. अमरावतीच्या धावपट्टीवर विमान दोनदा उसळलं आणि थांबलं. त्यांनी जतनचं बटण दाबलं. काम लगेच झालं. ते पडद्याकडे बघत राहिले.

"कोनी काही इचारलंच नाई, मास्तर," ते म्हणाले.

आता ते अमरावतीला रोज येतात, म्हणजे विमानाने. खरे येतात ते दिवाळीला, एसटीने. सी ड्राइव्हवर ताईच्या नावाचं फोल्डर आहे. ते उघडतं, वाचता येतं. त्यात काही लिहिता येत नाही.