आमच्या धाब्याचं सानं

शहरातल्या कॉलेजातली पोरं आमच्या गावात जुनी घरं अभ्यासायला आली होती. घरांचे नकाशे काढायचं शिकणारी, पहिल्याच वर्षाची. त्यातली चौघं माझ्या वाट्याला आली. म्हटलं, या, मोजा. हे मातीचं धाबं, घरावरचं सपाट छत, मी स्वतःच्या हातानं घातलंय. गवंडी नाही, पुस्तक नाही. चुकत चुकत शिकले.

दोन दिवस त्यांनी टेप लावून भिंती मोजल्या. तिथं राहतं कोण, रांधतं कसं, एकानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर चौघं दारात हसत उभी.

"आजी, सरप्राइज! तुमच्या छताला भोक पडलं होतं, सिमेंटनं बुजवलं!"

भोक! अहो, ते सानं. धूर जावा, उजेड यावा म्हणून चुलीच्या बरोबर वर मुद्दाम ठेवलेलं. पावसाळ्याआधी पाणी झिरपू नये म्हणून धाब्यावर खारी माती टाकतो, तेव्हा त्याच्याभोवती पाळ घालतो आणि वर झाकण ठेवतो.

मी बाजाराची पिशवी खाली ठेवली. "हातपाय धुवा, जेवाले बसा," म्हटलं आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घालून चूल पेटवली. दुसरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत घर धुरानं भरलं.

"आजी, खिडकी उघडा ना!" एक पोरगी खोकत म्हणाली.

"खिडकी कोठे शे? तुम्हनाच नकाशामा दखा."

तेवढ्यात त्यांचे सर आले, नाकाला रुमाल लावून. "मावशी, आता गॅस घ्या. चुलीचा काळ गेला."

"गॅस शे मन्हाकडे. चहा त्यावरच. पण भाकर कशावर करानी, ते मी ठरावसू."

"पण पोरांच्या अहवालात छताची दुरुस्ती म्हणून लिहून झालंय. फक्त तुमची सही राहिलीय."

"मंग सही नही. पहिले सानं उघडा."

पोरंच पहार घेऊन वर चढली. सिमेंट ओलंच होतं, लवकर निघालं. धूर वर गेला नि चुलीपाशी उन्हाचा गोल पडला. त्या खोकणाऱ्या पोरीनं खाली येऊन लगेच तो वहीत काढून घेतला.

मग मी अहवाल हातात घेतला, अक्षर अक्षर लावत वाचला. म्हटलं, यात लिहा, घरच्या बाईला न विचारता सानं बुजवलं, ही आमची चूक.

"असं अहवालात लिहीत नसतात," सर म्हणाले.

"मग मी लिहिते."

लिहिलं. वाकडंतिकडं, पण माझ्या हातानं. आणि त्याच्याखाली सही केली.