फुईचा हेल

"बेन, आ शुं मांड्युं छे? आ सोसायटी छे, लिंबायत नथी."

बाई, हे काय मांडलंय, ही सोसायटी आहे, लिंबायत नाही. सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहून बोलले. आत फरशीवर माझा बाप मरून पडला होता.

झालं असं, की फुई आली. फुई म्हणजे माझी आत्या, आबांची धाकटी बहीण. लिंबायतहून, सुरतेतल्या आमच्या खानदेशी लोकांच्या वस्तीतून, रिक्षानं आली आणि गेटपाशी उतरल्या उतरल्या तिनं हेल काढला. आमच्यात तसंच असतं. मयताला येणारी बाई गल्लीच्या तोंडापासून रडत येते, आणि नुसती रडत नाही, गेलेल्याचं सगळं आयुष्य बोलून दाखवते. अहिराणीत. फुईला काय ठाऊक, इथं गल्ली नसते, वॉचमन असतो! लिफ्टमध्येसुद्धा ती थांबली नाही. मजल्यामजल्यावर दारं उघडली.

"मना भाऊ रे, माले सुरतले लई उना, नि मना आधी चालना गया रे..."

नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीला आबांनी सुरतेला कसं आणलं, लूमच्या कारखान्यात डबल पाळी करून कसं उभं केलं, ते ती सांगत होती. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. पुढे अजून बरंच यायचं होतं. मी ऐकायला हवं होतं. मी काय केलं? तिचा दंड धरला आणि म्हणाले, "फोई, धीमेथी. अहीं आवुं ना चाले."

हळू, इथं असलं चालत नाही. फुईला, आणि तेही गुजरातीत! का, तर सेक्रेटरींना कळावं, की मी हिच्यातली नाही, मी तुमच्यातली. कापड मार्केटच्या ऑफिसात दिवसभर हेच करते मी. अशी गुजराती बोलते की कुणाला पत्ता लागत नाही.

फुईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आबांना उचललं तेव्हा घरात चिडीचूप. लूमच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस, त्याला आम्ही मुक्यानं पोचवला. लाज वाटते मला. झोपेतून उठले की पहिली तीच आठवते.

मग बेसणुं ठेवलं. ही गुजरात्यांकडची शोकसभेची रीत. पांढरे कपडे, हळू आवाजात भजन, हात जोडायचे आणि निघायचं. चांगली रीत आहे, पण आमची नाही. निरोप मीच शुद्ध गुजरातीत लिहून ग्रुपवर टाकला. लिंबायतच्या बाया सोसायटीच्या हॉलात मागच्या बाजूला बसल्या, अंग चोरून. सेक्रेटरी आले. एकदम खूश.

"केटलुं शांतिथी थयुं! तमे तो आपणा जेवा ज छो. लागे ज नहीं के ए लोकोमांथी छो."

किती शांतपणे झालं, तुम्ही तर आमच्यासारख्याच, वाटतच नाही त्या लोकांतल्या आहात. कौतुक होतं हे. थोबाडीत बसल्यासारखं लागलं. कारण हेच ऐकायला मिळावं म्हणून मी फुईचं तोंड बंद केलं होतं.

"मी त्याच लोकांतली आहे," मी म्हणाले. मराठीत. मागं गेले, फुईच्या पायाशी बसले. "फुई, रड ना. मोठ्यानं रड."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आते नही येत, पोरी. तो चालना गया. आते कोणले सांगू?"

तिचं बरोबर होतं. मढं समोर असतं तेव्हाच ते शब्द येतात. मागून मिळत नाहीत. मग मीच तोंड उघडलं. "मना आबा रे..." एवढंच. पुढं काही येईना. अहिराणी गंजली माझी. पण आवाज मोठा निघाला. सेक्रेटरी हॉलचं दार लोटायला उठले.

"उघडं ठेवा," मी ओरडले. "ऐकू द्या सगळ्यांना."

बाया रडायला लागल्या. फुई मात्र कोरडीच बसून राहिली.

ते पाप फिटलं नाही. फिटणारही नाही, आबा काही पुन्हा मरायचे नाहीत. पण आता सुट्टी मिळाली की मी लिंबायतला जाते, फुईपुढं बसते, म्हणते शिकव.

"मना मरानी वाट दखी राह्यनी का वं?" ती हसून विचारते.

हो, फुई. तुझ्या वेळी गल्लीच्या तोंडापासून हेल काढीन मी, तुझ्याच शब्दांत. कुणी दंड धरायला आलंच, तर त्याचा हात झिडकारीन आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन.